लग्नं मावली नाहीत

मी बॅकअपची डिस्क बोलतेय. आवाज बारीक लागेल, मध्येच कट्ट असा वाजेलही. तेवढं चालवून घ्या, वय झालंय. पण माझ्यात काय काय कोंबलं होतं आणि काय कोंबायचं राहिलं होतं, ते सांगितल्याशिवाय मला निघायचं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं पांढरे झगे घालत, तोंडाला फडकं बांधत आणि धुळीचा एक कण दिसला तरी घाबरी होत. मला वाटलं, जगात सगळीकडे आपली अशीच काळजी घेतली जाणार. मग मी पेरूतल्या व्हिया सापोते नावाच्या गावात, तिथल्या नगरपालिकेत आले. तिथे दुपारचा वारा सुटला की टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं, इतकी वाळू.

मला का आणलं ते सांगते. एल निन्यो तिकडे अतोनात पाऊस आणतो; अशाच एका वर्षी नदी नगरपालिकेत शिरली आणि लग्नांची सगळी रजिस्टरं चिखलात लोळवून गेली. लोकांच्या घरातले कागदही त्याच पाण्यात गेले. रजिस्टरं उन्हात वाळत घातली, जेवढं वाचता आलं तेवढं संगणकात उतरवलं आणि उरलेला लगदा फेकून दिला. जन्माच्या नोंदी राजधानीत वेगळ्या असत. लग्नं आणि मृत्यू मात्र गावाचे गावातच.

मग नगराध्यक्ष सांतोस चिरोके यांनी चौकात सभा घेतली. पोट पुढे, पट्टा खाली, छातीवर पदाची फीत. "बंधूभगिनींनो," ते म्हणाले, "यापुढे आपल्या नोंदी क्लाउडवर राहणार. म्हणजे ढगात! तिथे पूर पोचत नाही."

"मग पूर येतो तो कुठून?" पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं.

"तो ढग वेगळा," साहेब म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

ढग म्हणजे खरं तर दूरच्या कुठल्याशा देशातले भाड्याचे सर्व्हर. ते सांभाळायचं काम इंजिनिअर एदिल्बेर्तो पुरिसाकाकडे होतं. किडकिडीत बांधा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. त्याला फक्त एक सवय होती. कुणी काही विचारलं की मान वर न करता म्हणायचा, "झालं." प्रिंटर दुरुस्त झाला का? झालं. अहवाल पाठवला का? झालं. बायकोने फोनवर काही विचारलं तरी झालं, आणि ते तोंडातून निघालं की त्याच्यापुरतं ते काम खरोखरच संपायचं.

त्याने आपत्तीत नोंदी परत कशा मिळवायच्या याचा एक आराखडा केला होता. जाड फाईल, रंगीत बाण. ढगातल्या नोंदी जळाल्या तर ढगातलीच दुसरी प्रत वापरायची. ती दुसरी प्रतही त्याच कंपनीत, त्याच खात्यात, त्याच पासवर्डमागे होती. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच टांगून बाहेर कुलूप लावण्यातला प्रकार. आणि तीही गेली तर? तर शेवटचा बाण माझ्याकडे यायचा. माझ्याखाली लिहिलं होतं: "स्वतंत्र प्रत." ते वाचून मला फार मोठं वाटलं.

दर शुक्रवारी एदिल्बेर्तो मला कपाटातून काढायचा, नाताळच्या दिव्यांच्या माळांखालून. मला जोडायचा, आधीचं सगळं पुसून नव्याने भरायला लावायचा आणि जेवायला जायचा. परत आला की पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: "प्रत पूर्ण." त्याच्याखाली, मुंगीएवढ्या पिवळ्या अक्षरांत: "काही फायली मावल्या नाहीत." हिरवं तो वाचायचा. पिवळ्याला त्याने कधी विचारलं नाही की बाई, कोणत्या फायली?

सुरुवातीला सगळं मावत होतं, बरं का. मग साहेबांनी फोटोग्राफर नेमला. साहेब पुलाची फीत कापताना. साहेब तोच पूल दुरुस्त झाल्यावर पुन्हा फीत कापताना. साहेब जत्रेतल्या पहिल्या नंबरच्या डुकराला हार घालताना, आणि डुक्कर नीट आलं नाही म्हणून पुन्हा घालताना. हे सगळे फोटो नगरपालिकेच्या नोंदींतच. आता कॉपी होते अक्षरांच्या क्रमाने. त्यांच्या भाषेत नगराध्यक्षाला म्हणतात 'अल्काल्दे', म्हणजे साहेब पहिल्याच अक्षराला. मृत्यूला 'देफुन्सियोन', तोही बराच वर. आणि लग्नाला 'मात्रिमोनियो', पार मधल्या अक्षराला. साहेब जसजसे फुगत गेले तसतशी माझ्यातली जागा आखडत गेली, आणि एका शुक्रवारी लग्नांच्या दाराशी येऊन मी भरले. त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी तेच. माझ्याकडे बोलायला एक दिवा. तो मी लुकलुकवत राहिले. एदिल्बेर्तोला वाटायचं, डिस्क खुशीत आहे.

वर्षातून एकदा आपत्तीची रंगीत तालीमही व्हायची. शिट्टी वाजली की सगळे चौकात जायचे, केळ्याचे तळलेले काप आणि गार सरबत घ्यायचे, एकत्र फोटो काढायचे आणि परत यायचे. मला उघडून आत काय आहे ते बघावं, असं त्या तालमीत कुणाला सुचलं नाही. फोटो तेवढा पुढच्या शुक्रवारी माझ्यात आला. साहेब मध्यभागी होते.

मग आपत्ती आली. पाऊस नव्हता, भूकंप नव्हता. एक ई-मेल होता. "अभिनंदन! आपली निवड खंडातील आदर्श नगराध्यक्ष म्हणून झाली आहे. प्रमाणपत्रासाठी आपला पासवर्ड टाका." साहेबांनी टाकला. एकदा चुकला म्हणून पुन्हा टाकला. सोमवारी सकाळी नगरपालिकेचं सगळं खातं चोरांच्या कुलपात होतं. ढगातल्या नोंदी, ढगातली प्रत, सगळं. पडद्यावर खंडणीची मागणी आणि एक हसरी कवटी.

"घाबरायचं कारण नाही," साहेब रेडिओवर म्हणाले. "आमच्याकडे स्वतंत्र प्रत आहे. या, बघा."

सगळं गाव सभागृहात आलं. मला ताटात ठेवून आणलं, खाली भरतकामाचा रुमाल. माझं सबंध आयुष्य ज्या घटकेसाठी होतं ती घटका आली होती आणि मला पळून जावंसं वाटत होतं. एदिल्बेर्तोने मला जोडलं. भिंतीवर मोठं चित्र उमटलं: साहेब आणि डुक्कर.

"हे कुणाचं लग्न?" मागून कुणीतरी विचारलं.

"नवरी ओळखीची वाटते!"

सभागृह असं हसलं की खिडक्यांची तावदानं वाजली. एदिल्बेर्तोने पुढचं चित्र काढलं, त्याच्या पुढचं काढलं. पूल. फीत. पूल. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. शेवटी मृत्यूच्या नोंदी सापडल्या, सगळ्या अगदी ठीकठाक. त्याच्यापुढे काही थोडं सटरफटर आणि मग काहीच नाही.

एक म्हातारा विधुर काठी टेकत उठला. "म्हणजे माझी बायको मेली, याची नोंद आहे?"

"आहे, काका."

"आणि माझं तिच्याशी लग्न झालं, याची?"

एदिल्बेर्तोने शेवटची फाईल पुन्हा उघडून पाहिली.

"मग तेव्हा मी रडलो कुणासाठी?" म्हातारा म्हणाला आणि खाली बसला. आता कुणी हसलं नाही.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थातच साहेब. ई-मेलचा विषय कुणी काढला नाही. दोष ढगाचा आहे असं ठरलं, आणि ढगाला समज देता येत नाही म्हणून ती एदिल्बेर्तोला देण्यात आली. "ही डिस्क म्हणजे पुरावा," साहेबांनी बजावलं. "तुझ्या ताब्यात. हरवली तर तू आहेस आणि मी आहे." तेव्हापासून तो मला खांद्याच्या पिशवीत घालून जाईल तिथे घेऊन जाऊ लागला. कपाटात राहिले असते तर पुढचं काहीच मला दिसलं नसतं.

विवाह नोंदणीच्या जुन्या कारकून माक्सिमिनाबाई तिमाना छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "कागद गेले तर जाऊ देत. गावातलं एकूण एक लग्न माझ्या डोक्यात आहे!" त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि त्या सांगतील तसं उतरवून घेतलं. दुसऱ्या सकाळी बेकरीवाला आरडाओरडा करत आला. बाईंनी त्याचं लग्न त्याच्या मेव्हणीशी लावून दिलं होतं. मेव्हणीची हरकत नव्हती, हे त्याहून वाईट. बाईंचं डोकं तिथेच बंद करण्यात आलं.

मग नोटीस लागली. नवराबायकोंनी मुदतीच्या आत दोघांनी मिळून यावं, सोबत दोन साक्षीदार आणावेत, आमचं लग्न झालं होतं असं सांगावं आणि सही करावी. दोघांपैकी एक आला नाही तर नोंद नाही.

पहिले काही दिवस पुरुषांची ऐट बघण्यासारखी होती. चौकातल्या बाकांवर बसून एकमेकांना म्हणायचे, "काय ब्रह्मचारी, कसं काय?" एक मोटोटॅक्सीवाला तर मोठ्याने ओरडला, "मी आजपासून मोकळा!" त्याची बायको मागेच उभी होती. "हो ना मोकळा," ती म्हणाली. "मोटोटॅक्सी माझ्या नावावर आहे, किल्ली दे आणि हो." संध्याकाळच्या आत दोघांची सही झाली. मग हळूहळू लक्षात आलं की दारात टोप्या हातात घेऊन ताटकळताहेत ते पुरुषच, आणि बायका सावकाश, विचार करून येताहेत. काही तर घरून अटी ठरवून.

एदिल्बेर्तोला वाटलं, आपलं तरी दोन मिनिटांचं काम आहे. त्याची बायको दोरिला यार्लेके नदीच्या रस्त्याला खाणावळ चालवायची. लिंबात मुरवलेली मासळी, भाजलेल्या केळ्याचा आणि खारवलेल्या मांसाचा रस्सा, मका आंबवून केलेलं चिचा नावाचं पेय. भरलेल्या अंगाची, केस वर बांधलेली, आवाज खणखणीत. तो दुपारी गेला, पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्ची न ओढता म्हणाला, "दोरिला, उद्या जरा नगरपालिकेत येऊन जा. सही करायची आहे."

"कसली?"

"आपल्या लग्नाची. दोन मिनिटांचं काम."

ती लिंबं चिरत होती. सुरी थांबली. "सोळाव्या वर्षापासून मी तुझ्यामागे आहे की तू माझ्यामागे, हे विसरलास तरी चालेल. पण दोन मिनिटं?"

"तसं नाही गं."

"ती डबी काय?" तिने पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे बोट केलं.

"बॅकअप."

"तिच्यात आपलं लग्न नाही?"

"मावलं नाही."

"का?"

"साहेबांचे फोटो होते."

दोरिलाने पुढचं लिंबू चिरायला घेतलं. मग म्हणाली, "बघते."

हा शब्द त्याचाच होता, 'झालं'च्या खालोखालचा, आणि त्याचा अर्थ काय असतो ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन पिउरा शहरात गेला. तिथे एका बोळात मेलेल्या डिस्कमधून हरवलेलं शोधून देणारा माणूस बसतो. त्याने मला उलटंपालटं केलं, तारा लावल्या, भिंगातून पाहिलं. "होती इथे लग्नं कधीतरी," तो म्हणाला. "पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. पण त्यांच्यावर दुसरं बसलंय. वर हा कोण जाडा माणूस आहे, तो जागचा हलत नाही."

एदिल्बेर्तो परत आला आणि त्याने हे दोरिलाला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटतं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला एखादी गोष्ट 'झालं' न म्हणता सांगितली असेल. ती घरी भांडी विसळत होती.

"छपराचं काय?" तिने एकदम विचारलं.

"कुठल्या?"

"स्वयंपाकघराच्या. गळतंय म्हणून तुला सांगितलं होतं. काय म्हणालास?"

"झालं म्हणालो असेन." तो वर बघायला लागला. वर नवा कोरा पत्रा होता. कोरा म्हणजे, आता त्यालाही काजळी धरली होती. "हे कधी बसवलं?"

"मीच बसवून घेतलं. तू रोज याच छपराखाली जेवतोस."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"ऐक," ती हात पुसत म्हणाली. "मी कुठे जात नाहीये. घरही तेच, खाट तीच. पण सही नाही. नोंद नाही. कागदावर मी आहे म्हणून तू निवांत होतास. आता कागद नाही. आता रोज खाणावळीत ये आणि उघड्या डोळ्यांनी बघ, मी आहे का."

इंजिनिअर पुरिसाका रोज दुपारी खाणावळीत येऊ लागला. पहिले काही दिवस चेहरा शाळेत शिक्षा झाल्यासारखा. गिऱ्हाइकं चिडवायची, "काय इंजिनिअर, आज हिरवा कंदील मिळाला का?" दोरिला मागे वळूनही बघायची नाही. तो कोपऱ्यात बसायचा आणि खरंच बघायचा, कारण दुसरं करायला काही नव्हतं. पिशवी मांडीवर. मी त्याच्या पोटाला टेकून, त्यामुळे तो दचकला की मला कळायचं. दोरिला उजव्या गुडघ्यावर भार देत नाही, हे दिसलं तेव्हा दचकला. रस्सा चाखताना ती अजूनही डोळे मिटते, हे दिसलं तेव्हाही. एका दुपारी तिने मोठी घागर उचलायला हात घातला आणि तो उठून गेला, काही न बोलता दुसरी बाजू धरली. तिने धरू दिली. गिऱ्हाइकांपैकी एकाने शीळ घातली, तर दोरिलाने त्याच्या पुढ्यातली ताटली काढून घेतली.

नोटिशीची मुदत संपत आली. साहेब एदिल्बेर्तोच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "अरे, सगळ्या गावाची लग्नं परत आली. सिस्टीमच्या प्रमुखाचंच येत नाही म्हणजे काय? रेडिओवाले विचारतात. माझ्या नगरपालिकेचं नाव जातंय!"

"साहेब," एदिल्बेर्तो शांतपणे म्हणाला, "पासवर्ड मी टाकला नव्हता."

साहेबांनी घसा खाकरला, फीत सारखी केली आणि पुलाची पाहणी करायला निघून गेले. मला त्या दिवशी एदिल्बेर्तोचा अभिमान वाटला. तसं त्यानेही स्वतःला विचारायला हवं होतं की पिवळी अक्षरं कुणी वाचायची होती. नंतर त्याने ते विचारलं; चौकशीच्या अहवालाखाली स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. साहेबांनी ते पान फाडलं, ती गोष्ट वेगळी.

शेवटच्या दिवशी खाणावळीत गर्दी होती. एदिल्बेर्तो टेबलं पुसत होता. मुदतीबद्दल त्याने आठवडाभर चकार शब्द काढला नव्हता. दोरिलाने एकाएकी एप्रन सोडला आणि दोन गिऱ्हाइकांना बोट दाखवलं. "तू आणि तू. उठा. हात धुवा. साक्षीदार."

"ताट अर्धं आहे, दोरिला!"

"येऊन खा. चल रे," ती एदिल्बेर्तोला म्हणाली, "आत्ताच. रस्सा मंद आचेवर आहे."

असे ते चौघे निघाले, पाचवी मी. नगरपालिकेत साहेब भाषणाचा कागद काढायला लागले तशी ती म्हणाली, "भाषण नको, साहेब. रस्सा लागेल खाली." साहेबांनी कागद खिशात घातला. फोटोग्राफर पुढे सरकला, तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो मागे सरकला.

माक्सिमिनाबाईंनी चष्मा लावला. आता त्या आठवणीवर विसंबत नव्हत्या, प्रत्येकाला विचारूनच लिहीत होत्या. "नाव दोरिला यार्लेके. नाव एदिल्बेर्तो पुरिसाका. लग्नाची तारीख?"

एदिल्बेर्तोने तोंड उघडलं. त्याने ती तारीख पाठ केली होती; येताना वाटेत तो ती पुटपुटत होता, मला ऐकू येत होतं.

"आजची," दोरिला म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. "पण तुमचं लग्न तर..."

"ते गेलं, बाई. याच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, पण मला ते आहे तसं परत नको. आजची लिहा." ती एदिल्बेर्तोकडे वळली. "तुझी काही हरकत?"

तो "झालं" म्हणाला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, डोळ्यांत. मग म्हणाला, "नाही. लिहा, बाई. पण थांबा, मला आधी वाचू दे." आणि त्याने ती सगळी नोंद, वरपासून खालच्या बारीक अक्षरांपर्यंत, बोट ठेवून वाचली आणि मग सही केली.

आता माझं काय राहिलं? नगरपालिकेने नवा ढग घेतला, नव्या डिस्का आणल्या. एदिल्बेर्तो त्या नुसत्या भरत नाही, दर महिन्याला एक उघडून आतली लग्नं वाचून बघतो; लोक म्हणतात इंजिनिअरला वेड लागलं. मी निवृत्त. माझ्या पोटात काहीतरी सैल झालंय, फिरताना घासतं. कायद्याप्रमाणे मला भोक पाडून फेकायचं आहे, आणि ड्रिल मशीन आणायला माणूस गेला आहे. तो येईपर्यंत हे एवढं बोलून घेतलं.

तुमच्याही घरात, कपाटात, कुठल्याशा दिव्यांच्या माळेखाली माझी एखादी बहीण पडली असेल. तिच्यात सगळं आहे, असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही इतकी वर्षं निवांत आहात ते त्या बिचारीच्या जिवावर. माझं ऐका, आज जेवायला जाण्याआधी तिला एकदा उघडा. आणि ती पिवळ्या अक्षरांत काही म्हणत असेल तर घाई करू नका. चष्मा लावा, आणि शेवटपर्यंत वाचा.